उपाध्ये काका एकटेच का बोलत होते

आता ही गोष्ट कुठल्या तोंडानं सांगू? सांगलीच्या एका धडधाकट माणसाला मी इथं वडूजला बसून डॉक्टरकडं पाठवलं. हात लावला नाही, तोंड बघितलं नाही. नुसतं एका बोटानं.

झालं असं. माझी सई पाचवीत. शाळेत यंदा प्रोग्रामिंग शिकवतात. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं मांजर चालतं. शनिवारी पालकांसमोर प्रत्येकानं आपलं मांजर चालवून दाखवायचं होतं, या कडेपासून त्या कडेला आणि परत. सईचे पप्पा सैन्यात, फोन लागेल तेव्हा लागेल. घरात उरलो मी, सातवी पास, आणि सासूबाई. सई रडली नाही. "राहू दे आई, मी पोट दुखतंय म्हणून घरी राहीन," एवढंच म्हणाली. तेच जास्त लागलं मला.

मग भावानं मला मोबाईलवर मराठीतनं प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपात घातलं. निम्मी माणसं इंजिनिअर. काढून टाकतील ही धास्ती पहिल्या दिवसापासून. पण तिथं रिटायर झालेले उपाध्ये काका होते. कुणी कितीही बावळट प्रश्न विचारू दे, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. मी विचारलं, मांजर पडद्याबाहेर गेलं, आता काय? काका म्हणाले, "घाबरू नका ताई. मांजर कुठं जात नाही. परत बोलवायचा ठोकळा आहे."

आता माझी चूक ऐका. मला ती चूक वाटतच नव्हती, वळण वाटत होतं. माझं माहेर कवठे महांकाळचं. दुसऱ्याच्या घरी जेवलं की आपलं ताट आपण उचलायचं, जागा पुसून घ्यायची, हे आईनं अंगात मुरवलेलं. मग एवढ्या शिकलेल्या माणसांत माझे प्रश्न उष्ट्यासारखे पडू द्यायचे? उत्तर मिळालं की मी प्रश्न पुसायची. त्या ॲपवर पुसल्याची खूणसुद्धा राहत नाही. पाच दिवसांत तीसेक प्रश्न विचारले, सगळे पुसले. जागा चकचकीत.

काकांची उत्तरं तशीच ठेवली. दुसऱ्याचं ताट कसं उचलणार?

गुरुवारी दुपारी कुणीतरी लिहिलं, काका, बरे आहात ना? मी वर सरकवून बघितलं. ओळीनं नुसते काकाच.

"घाबरू नका ताई. मांजर कुठं जात नाही."

"परत गेलं? परत बोलवा."

"नाही, त्याला काही दुखत नाही."

"सासूबाईंना सांगा, हे मांजर आडवं गेलं तरी चालतं."

काकांनी लिहिलं, वडूजच्या ताई विचारतायत की. लोकांनी विचारलं, कुठल्या ताई? काकांनी शोधलं असणार. बऱ्याच वेळानं त्यांचा मेसेज आला, "इथंच होत्या."

त्यांचा मुलगाही त्याच ग्रुपात. त्यानं शुक्रवारी सकाळी लिहिलं, बाबांना तपासायला नेतोय, घरात मांजर नाही.

आणि माझं मांजर? परत येताना पाय वर करून चालायला लागलं होतं. उद्या शनिवार. सांगावं तर ग्रुपातनं काढतील, न सांगावं तर विचारायचं कुणाला? शेवटी सासूबाईंना सांगितलं.

त्या शेंगा फोडत होत्या. "म्हातारं माणूस तुज्यापायी येडं ठरलं, आन तू गप बसलीस व्हय गं?"

"मला काढून टाकतील, आत्या."

"टाकू देत की. त्यास्नी दवाखान्यात घातलंय, ते दिसंना व्हय तुला?"

मग लिहिलं. त्या ताई मीच. प्रश्न मीच पुसले. काका ठणठणीत आहेत. मला काढा, पण आधी सांगा, मांजर उलटं का चालतं?

दहा मिनिटांनी उत्तर आलं, दवाखान्याच्या बाकावरनं. "घाबरू नका ताई. पहिल्यांदा सगळ्यांचंच उलटं चालतं. फक्त डावीउजवीकडं वळायचा ठोकळा आहे, तो सगळ्यांत वर लावा. आणि तुमचा मेसेज पुसू नका हं. आत डॉक्टरांना दाखवायचाय."

ठोकळा लावला. मांजर सरळ गेलं, सरळ आलं. सईनं मला मिठी मारली. त्या आनंदात हात आपसूक गेला आणि जागा पुसून झाली.

काकांनी डॉक्टरांसमोर फोन धरला तेव्हा त्यावर नुसतं त्यांचंच उत्तर होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.

शनिवारी सईचं मांजर सगळ्यांदेखत सरळ चाललं. रविवारी मी सासूबाईंना घेऊन एसटीनं सांगली गाठली, मी आहे हे दाखवायला. मुलाला सगळं सांगितलं. तो दोनदा माझ्याकडं बघून वडलांना सॉरी म्हणाला. काकांनी चहा ठेवायला सांगितला.

चहा झाला. निघताना मी उठले, कप उचलला आणि आत गेले.

मागनं काकांचा आवाज आला. "ताई, कप राहू दे तिथंच. तुम्ही आला होता म्हणून दाखवायला काहीतरी पाहिजे."

तोवर मी तो विसळून पालथा घातला होता.