अर्धं सूर्यफूल

कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथवर लिफ्ट जात नाही आणि परीक्षा जवळ आल्याशिवाय विद्यार्थीही जात नाहीत, तिथे हर्बेरियम आहे. म्हणजे वाळवलेल्या झाडांचं संग्रहालय. हिरव्या लोखंडी कपाटांच्या रांगा, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि खिडकीखाली एक लांबलचक टेबल. या टेबलाशी बसून डिंकताईंनी अख्खी नोकरी काढली. त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं, आणि ते तिथून फारसं खाली उतरलं नाही.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. प्राध्यापक मंडळी डोंगरात, जंगलात, दलदलीत जात आणि जळवांच्या खुणा, थोड्याफार थापा आणि रद्दीत दाबून वाळवलेली झाडं घेऊन परत येत. खुणा आणि थापा ते स्टाफरूममध्ये दाखवत. झाडं डिंकताईंकडे येत. त्या ती जाड कागदावर चिकटवत, जाड फांदी दोऱ्याने टाचत, गळलेल्या बिया कागदाच्या छोट्या पाकिटात घालून त्याच शीटवर लावत. आपण मेलो आहोत याची झाडाला अजून कल्पना नाही, असं ते कागदावर दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. शेवटी उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. त्यावर झाडाचं नाव, कुळ, कुठे मिळालं, केव्हा मिळालं आणि संग्राहक कोण.

चिकटवणाऱ्यासाठी लेबलवर ओळ नसते. यात अन्याय वगैरे काही नाही. पत्र कोणी लिहिलं ते सगळे विचारतात, तिकीट कोणी चिकटवलं ते कोणी विचारत नाही. पण निवृत्ती जवळ आली तशी डिंकताईंच्या मनात एक गोष्ट घर करून बसली, की या एवढ्या कपाटांत कुठेतरी एका शीटवर ‘संग्राहक’ या शब्दापुढे आपलं नाव असावं. हे त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘‘मग चिकटव की एखादं. डिंक तुझ्याचकडे असतो.’’ तो विषय घरात तिथेच संपला.

संधी आली ती औषधी वनस्पतींच्या प्रदर्शनामुळे. विभागप्रमुखांनी यादी केली आणि डिंकताईंना एकेक शीट काढायला सांगितलं. सगळी निघाली. जी वनस्पती आता कुठेच उगवत नाही तीसुद्धा निघाली. निघालं नाही ते फक्त सूर्यफूल.

‘‘असेलच,’’ विभागप्रमुख म्हणाले.

‘‘नाही, सर.’’

‘‘सूर्यफूल नाही असं हर्बेरियम असतं का कुठे?’’

‘‘आपलं आहे, सर.’’

कारण उघड होतं. सूर्यफूल आणायला डोंगर चढावा लागत नाही. ते कुंपणावरून डोकावतं, तेलाच्या डब्यावर छापलेलं असतं, शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. प्रत्येकाला वाटलं, ते कोणीतरी केव्हाच आणलं असणार. असं वाटण्यात प्राध्यापकांच्या दोन पिढ्या निवृत्त झाल्या. विभागप्रमुखांना मात्र दुसरी उपपत्ती जास्त पटली. वाळलेल्या झाडांना लागणारे बारीक भुंगे असतात, आणि सूर्यफुलाच्या कुळावर त्यांचा विशेष जीव असतो. शीट होतं, ते भुंग्यांनी खाल्लं, असं त्यांनी ठरवलं. भुंगे खुलासा करायला येत नाहीत, हा या उपपत्तीचा मोठाच गुण होता. खुद्द विभागप्रमुख आयुष्यात सूर्यफुलाच्या वाटेला का गेले नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या परागकणांनी त्यांना शिंकांची माळ लागे.

‘‘कोणीतरी घेऊन या,’’ ते म्हणाले.

‘‘मी आणते,’’ डिंकताई म्हणाल्या. मग डिंकाची बाटली उगाचच सरळ ठेवत त्यांनी विचारलं, ‘‘सर, मग संग्राहक कोण?’’

‘‘झाडावरून जो कापून आणेल तो. नियमच आहे तसा. पण प्रदर्शनाच्या आत हवं हं. नाहीतर मी शेतकी केंद्रातून मागवतो, म्हणजे मग त्यांचं नाव पडेल.’’

सूर्यफुलं होती डिंकताईंच्या वन्संकडे. ही त्यांची नणंद, म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. त्या पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर एकट्या राहत. मागच्या दारी, भिंतीलगतच्या हातभर रुंद पट्टीत त्या दर वर्षी सूर्यफुलं लावत. शेजारीपाजारी त्यांना शोभा समजत. वन्संच्या लेखी तो दवाखाना होता. टाचा फुटल्या, लावा सूर्यफुलाचं तेल. बाळाची कातडी कोरडी पडली, तेच तेल. सुजेवर पानांचा लेप, खोकल्याला बियांचा काढा, तापाला पाकळ्यांचा. डॉक्टर त्यांना आवडत नसत असं नाही. पण ते विचारल्याशिवाय सल्ला देत नाहीत, हा त्यांचा दोष वन्संना फार खुपत असे.

‘‘एक फूल हवंय, वन्सं.’’

‘‘कोणाला काय झालंय?’’

‘‘कोणाला काही नाही. कॉलेजात ठेवायचंय.’’

‘‘वाळवून?’’

‘‘वाळवून.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग काही नाही. कपाटात ठेवायचं.’’

वन्संनी वहिनीकडे नीट पाहिलं. ‘‘वहिनी, तू इतकी वर्षं हेच करत होतीस?’’

डिंकताईंनी मग मनातली गोष्ट सांगून टाकली. वन्संनी ऐकून घेतलं, हं म्हटलं आणि कडेचं एक मध्यम आकाराचं फूल दाखवलं. ‘‘ते घे. मधलं मोठं मागू नकोस. ते मी बियाणाला ठेवलंय. त्याच्यावर माझं लक्ष आहे.’’

‘‘चिमण्यांचंही आहे.’’

‘‘चिमण्या विचारत नाहीत. तू विचारतेस, म्हणून सांगतेय.’’

इथे सूर्यफुलाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची चूक त्याच्या रचनेतच दडलेली आहे. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते एक फूल नसतंच. तो शेकडो फुलांचा मेळावा असतो, एकाच बैठकीवर भरलेला. कडेला ज्या पिवळ्याजर्द पाकळ्या दिसतात त्यांतली प्रत्येक एक स्वतंत्र फूल असते, पण त्यांच्यात बी धरत नाही. त्यांचं काम जाहिरातीचं. मधला तपकिरी भाग बारीक बारीक फुलांचा, आणि बी धरायची सगळी मेहनत त्यांची. ती कडेकडून आत, वर्तुळावर्तुळाने उमलत जातात. म्हणून कडेला बी भरत असतं तेव्हा मधोमध अजून कळ्याच असतात. कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला ही व्यवस्था नव्याने समजावून सांगावी लागत नाही. दुसरी गोष्ट अशी, की सूर्यामागे मान फिरवायची सवय त्याच्या तरुणपणापुरती असते. फूल मोठं झालं, मान जड झाली, की ते पूर्वेकडे तोंड करून थांबतं ते कायमचं. बाकी सगळं जग मात्र त्याच्याकडून जन्मभर फिरण्याची अपेक्षा ठेवतं.

या मेळाव्याची बैठक असते जाडजूड, आतून भेंडासारखी मऊ आणि पाण्याने भरलेली. डिंकताईंना हे माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. त्यांच्या टेबलावर झाडं येत ती वाळून, चपटी होऊन. ओलं झाड त्यांनी कधी दाबलेलंच नव्हतं. विभागप्रमुखांनी जाता जाता, नाकाला रुमाल लावून सांगितलं, ‘‘मधून उभं कापा, मागचा गर काढून टाका, मग दाबा.’’ डिंकताईंनी मान डोलावली. ते गेल्यावर फूल समोर धरून पाहिलं. त्यांच्याकडे बघणाऱ्या त्या गोल, मोकळ्या चेहऱ्याला सुरी लावायची? आपल्या नावाचं पहिलंवहिलं फूल, आणि तेही अर्धंमुर्धं? त्यांनी ते अख्खंच टीपकागदांत ठेवलं, वर पुठ्ठे, वर लाकडी जाळी, आणि पट्टे इतके आवळले की एखादी सुटकेस लाजली असती.

झाडं दाबायची ती प्रेस उघडली तेव्हा आधी वास आला. मग दिसलं. पाकळ्या काळ्या पडल्या होत्या आणि मध्यावर राखाडी बुरशीची मऊ गादी पसरली होती. बुरशीचा नमुना म्हणून तो उत्कृष्ट होता.

विभागप्रमुख दारातूनच म्हणाले, ‘‘कापलं नाही वाटतं.’’

‘‘चेहरा होता, सर.’’

‘‘चेहरा नाही हो, बाई. वस्ती असते ती. वस्तीतून रस्ता काढला तर वस्ती मरत नाही.’’ एवढं बोलून ते शिंकले, आणि त्यांच्या या वाक्याचा भारदस्तपणा जरा कमी झाला.

डिंकताईंनी आपल्या चुकीचं खापर कोणावर फोडलं नाही. भुंगे हाताशी होते, तरी नाही. टीपकागद फेकले, प्रेस उन्हात ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा वन्संचं दार वाजवलं. पण मधल्या दिवसांत बहर सरला होता. कडेची फुलं माना टाकून बसली होती, त्यांच्या पाकळ्या गळून गेल्या होत्या. उशिरा फुललेलं, कडेला बी भरू लागलेलं आणि मध्यावर अजून उमलत असलेलं एकच उरलं होतं. ते मोठं.

‘‘नाही,’’ वन्सं दार उघडतानाच म्हणाल्या.

‘‘मी अजून काही बोलले नाही.’’

‘‘तोंडावर दिसतंय. आत ये. चहा घे, आणि चहाच घे.’’

चहा झाला. डिंकताईंनी बुरशीची हकिगत सांगितली. वन्सं आधी हसल्या, मग हसू आवरत म्हणाल्या, ‘‘दुकानातून आण की. फुलवाल्याकडे ढिगाने असतात.’’

‘‘त्यांना परागच नसतात. टेबलक्लॉथवर सांडू नयेत म्हणून तशी जातच काढलीय. आणि ती कुठल्या मातीत वाढली ते फुलवालाही सांगू शकत नाही. ठिकाण नसेल तर शीटला अर्थ नाही.’’

‘‘मग ते शेतकीवाले आणतील.’’

‘‘आणतील.’’

‘‘चांगलं आणतील.’’

‘‘चांगलंच आणतील, वन्सं.’’

वन्संनी कप विसळले, जागेवर ठेवले आणि खिडकीतून मागे पाहिलं. ‘‘कडेच्यांचं बी पोचट असतं. याचं बी गेलं तर पुढच्या वर्षी भिंत रिकामी. हे बी माझ्याकडे आईपासून चालत आलंय. तुला कपाटात ठेवायला फूल पाहिजे, मला मातीत घालायला. आणि ते आहे एक.’’

‘‘खरंय,’’ डिंकताई म्हणाल्या आणि पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या, आणि एक चप्पल घालून तशाच थांबल्या. ‘‘वन्सं, पण ते अख्खं चालतच नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘उभं कापायचं असतं. मला अर्धंच लागतं. उरलेलं मी टाकूनच देणार.’’

‘‘टाकून देणार?’’ वन्संचा आवाज चढला. ‘‘माझं फूल?’’

‘‘मग टाकत नाही. झाडावरच राहू दे ते.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मागच्या दारी उभ्या राहिल्या. फूल भिंतीकडे पाठ करून पूर्वेकडे बघत होतं. वन्संनी स्टूल धरलं, डिंकताई वर चढल्या. देठाला धक्का न लावता, मधल्या कळ्यांवरच त्यांनी सुरी टेकवली.

‘‘थांबलीस का?’’

‘‘पहिल्यांदाच गोळा करतेय.’’

‘‘मग आण इकडे, मी कापते.’’

‘‘नको!’’ डिंकताई इतक्या जोरात ओरडल्या की वरच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली. ‘‘कापेल त्याचं नाव लागतं.’’

वन्संनी स्टूल आणखी घट्ट धरलं. सुरी चालली. निम्मं फूल डिंकताईंच्या हातात आलं आणि निम्मं देठावर तसंच उभं राहिलं. शिवाय खालचं एक खरबरीत पान त्यांनी मागून घेतलं. अख्खा दिवस त्या गल्लीतून जाणारी माणसं त्या अर्ध्या सूर्यफुलाकडे पाहून पुढे जात, आणि मग परत येऊन पाहत.

या वेळी गर पूर्ण खरवडला गेला, टीपकागद रोजच्या रोज बदलले गेले. फूल पिवळं ते पिवळंच वाळलं. सुरीच्या बाजूने पाहिलं तर आतली रचना सगळी उलगडली होती. कडेला भरत आलेलं बी, मग उमललेली फुलं, मग कळ्या. अख्खं दाबलं असतं तर यातलं काही दिसलं नसतं, असं विभागप्रमुख म्हणाले. ‘‘मी सांगितलंच होतं,’’ हे त्यांनी शिंकेच्या आधी म्हणून घेतलं.

प्रदर्शनासाठी उपयोगांची पट्टी लिहायची होती, तेव्हा वन्सं स्वतः तिथे हजर झाल्या. जिने चढून आल्यामुळे त्या कोणाचं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हत्या.

‘‘कोरड्या त्वचेला तेल, हे लिहू,’’ विभागप्रमुख म्हणाले. ‘‘त्याला पुरावा आहे. बी पौष्टिक, ई जीवनसत्त्व भरपूर, हेही लिहू. सूज, ताप, खोकला यापुढे ‘पारंपरिक उपयोग’ एवढंच.’’

‘‘म्हणजे खोटं?’’

‘‘म्हणजे नीट तपासलेलं नाही.’’

‘‘मी तपासलंय की. माझ्याच घोट्यावर.’’

‘‘एक घोटा पुरत नाही, आजी.’’

‘‘आजी?’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘आणि ज्यांना शिंका येतात त्यांनी लांब राहावं, हे कोण लिहिणार?’’

ते सुद्धा लिहिलं गेलं. पुराव्याचा प्रश्न कोणी काढला नाही.

मग लेबल. ठिकाणाच्या ओळीत डिंकताईंनी वन्संच्या मागच्या दाराची भिंत लिहिली. संग्राहकापुढे लिहायच्या आधी त्या थांबल्या. ‘‘वन्सं, दोघींचं लिहिता येतं. एक नाव, आणि पुढे ‘सोबत’ म्हणून दुसरं.’’

‘‘मी काय केलं? स्टूल धरलं.’’

‘‘तेच म्हणतेय.’’

वन्संनी क्षणभर विचार केला. ‘‘नको. तुझं एकटीचंच असू दे. मला कपाटात ठेवू नकोस. माझं बाहेर आहे.’’

डिंकताईंनी आपलं नाव लिहिलं. पूर्ण, मस्टरवर होतं तसं. शाई वाळेपर्यंत त्यांनी कोणाला शीटला हात लावू दिला नाही. नमुन्यात जे नाही ते लेबलवर नोंदवायची पद्धत असते, म्हणून शेराच्या ओळीत खोडाची उंची आली, आणि तिच्याखाली त्यांच्याच बारीक अक्षरात एक वाक्य: ‘उरलेलं अर्धं फूल झाडावर.’

तेही खोटं ठरलं नाही. त्या अर्ध्यात बी भरलं, चिमण्यांचा वाटा जाऊन पुरेसं उरलं. पुढच्या वर्षी वन्संच्या भिंतीला पुन्हा रांग उभी राहिली, सगळी पूर्वेकडे तोंड करून, आणि सगळी अख्खी. डिंकताई तोवर निवृत्त झाल्या होत्या. फूल बघायला येत तेव्हा वन्सं त्यांच्या पिशवीत सुरी नाही ना, हे आधी पाहून घेत.