मासळीवालीची चाल

केसेन्नुमा बंदरात किनुएची आई मासे साफ करायची. बर्फाच्या पाण्यात उभं राहून तिचा डावा पाय कायमचा अधू झाला. चालताना आधी खांदा पुढे टाकायची, मग पाय ओढून घ्यायची. गल्लीतली पोरं तिच्यामागे तसंच चालून दाखवत. त्यांत किनुएही असे.

सतराव्या वर्षी किनुए टोकियोला पळाली आणि एका नाटकमंडळीत शिरली. दहा वर्षं मोलकरणी नि प्रेतं केली. मग एका नव्या नाटकात मासळीवाल्या विधवेची भूमिका मिळाली, आणि तिने आईची चाल रंगमंचावर आणली. आई तोवर गेली होती. नाटकाला एकोणीस वर्षं झाली, तरी ते चालूच होतं.

त्यावर सिनेमा काढायचं ठरलं तेव्हा दिग्दर्शक सेगावा तिच्या घरी आला.

"किनुएबाई, भूमिका रेइकोला देतोय. पडद्याला तरुण चेहरा लागतो. तुम्ही तेवढी चाल शिकवा तिला."

"आणि मी?"

"शेजारीण आहे ना. वाक्य एकच, पण काळजाला भिडणारं."

किनुए हो म्हणाली. दुसऱ्या कुणी चुकीचं शिकवलं असतं, तर आईचं पुन्हा हसंच झालं असतं.

रेइको चोवीस वर्षांची, चटकन उचलणारी. "बाई, पाय एवढा जड का ठेवायचा?"

"जड नाही गं. बधिर झालाय तो."

सिनेमा आला. शेजारणीचं वाक्य कापलेलं होतं. रेइकोला मोठं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात तिने सांगितलं, "बंदरावर जाऊन बायका बघितल्या, चाल आपोआप सापडली."

नाटकाचे दौरे मात्र सुरूच होते. ओकायामाच्या प्रयोगानंतर एक बाई पीच घेऊन आत आली. "रेइकोची चाल हुबेहूब उचललीत हो. या वयात एवढं जमणं म्हणजे कौतुकच."

"सराव केला खूप," किनुए वाकून म्हणाली.

पुढच्या गावी ती सरळ चालली. प्रेक्षक कुजबुजले. पडदा पडताच व्यवस्थापक धावत आला.

"हे काय, बाई? लोकांना सिनेमातल्यासारखं हवंय."

"ती चाल माझ्या आईची आहे."

"असेल हो. तिकीट काढणाऱ्याला काय त्याचं?"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पाय ओढला. पुढे चार वर्षं ओढला. जाहिरातींवर वर मोठ्या अक्षरांत छापलेलं असे, 'सिनेमातली गाजलेली मासळीवाली, आता तुमच्या गावात', आणि किनुएचं नाव खाली, वेशभूषाकाराच्या शेजारी.