दोरीचं दुसरं टोक

माझा बाप कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकायचा. नारपोलीत कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, पंधरा-वीस वर्षं काढलेल्या बहुतेकांचं तसंच असे. त्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकणार? समोरच्याचे ओठ बघायचे आणि समजून घ्यायचं. आईसुद्धा त्याला हाक मारायच्या भानगडीत पडत नसे, सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. मला मात्र त्याच्या बहिरेपणाची लाज वाटायची. धामणकर नाक्यावर एखादा दुकानदार त्याच्यावर ओरडला की मी मान फिरवून उभी राहायचे, जणू मी याच्याबरोबर आलेलीच नाही. अशी मी होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी अकरा वर्षांची असेन. शुक्रवारी लूम बंद असायचे. माझी शाळा सकाळची. दुपारी जेवण झालं की बाबा मला वळ या त्याच्या गावी, तळ्यावर न्यायचा. पावसाळा नुकताच सरलेला, तळं काठोकाठ भरलेलं. मुलीच्या जातीला पोहून काय करायचंय, असं चुलते हसत म्हणायचे. बाबा त्यांच्या ओठांकडे बघायचाच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. त्याची धाकटी बहीण, माझी आत्या, लग्नाआधी कपडे धुताना पाय घसरून नदीत गेली होती. बाबा तेव्हा वरच्या शेतात होता. याहून जास्त तो कधी बोलला नाही, पण माझ्या पोहण्याचं त्याने मनावर घेतलं होतं.

लूमवरच्या वाया गेलेल्या सुताची त्याने एक जाड दोरी वळली होती. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्याच्या मनगटाला. मी पाण्यात ओरडले तर त्याला ऐकू येणार नव्हतं, म्हणून ठरलं होतं की भीती वाटली तर दोरीला एक हिसका द्यायचा. तो म्हणायचा, “हजार धाग्यांतला एक तुटला तरी माझ्या हाताला कलतं. तू तर माझी पोर हाय.” मी हिसका द्यायचे आणि तो मला ओढून घ्यायचा. काठापाशी मी झकास पोहायचे. पण पायाखालचा तळ संपला, पाणी काळं दिसायला लागलं की हातपाय लाकडासारखे व्हायचे, आणि मी दोरी ओढायचे. किती शुक्रवार असेच गेले. तो चिडला नाही. चिडायचे ते मीच.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी मी निम्म्या तळ्यापर्यंत गेले. मग नेहमीसारखी भीती दाटून आली आणि मी हिसका दिला. दोरी हलकीच माझ्याकडे आली. पुन्हा ओढली. दुसरं टोक पाण्यावर तरंगत माझ्या हाताशी आलं, त्याला कोणीच नव्हतं.

मी किंचाळले. मग एवढा राग आला की भीतीला जागाच उरली नाही. रडत, पाणी गिळत, त्याच्या नावाने बोटं मोडत मी हातपाय मारत राहिले. मागे वळून बघितलं नाही. पाय चिखलाला लागले तेव्हा कळलं की आपण तळं पार करून आलोय. त्या काठावर दोन बायका भांडी घासत होत्या. त्या कौतुकाने हसल्या. मी मागे वळले, तर बाबा चार हातांवर छातीएवढ्या पाण्यात उभा. तोंडभर हसत होता.

एवढ्या लवकर तो इथे आला कसा, हे डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. त्याच्याकडे बघत मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, “आत्यासारखी मीपण बुडाले असते. तुला ऐकू तरी आलं असतं का?”

बायकांना ते ऐकू गेलं नाही. त्याला गेलं. कारखान्याच्या भिंतीआड वाढलेली मी, आणि तो ओठ वाचतो हेच नेमकं विसरले.

त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, “मागंच व्हतो गो. पयल्यापासून.”

चुकलं माझं, एवढे दोनच शब्द हवे होते. माझ्या तोंडातून निघाले नाहीत. घरी जाताना तो पुढे चालला, म्हणजे मी काही बोलले असते तरी त्याला दिसलं नसतं. पुढच्या शुक्रवारी मी कपडे घेऊन तयार बसले, तर तो म्हणाला, “आता तुला येतं. दोरी न्हाय लागत.” मग आईने ती दोरी खोलीत कपडे वाळत घालायला बांधली. लग्न होऊन जाईपर्यंत मी रोज तिच्याखालून वाकून जात होते आणि रोज म्हणत होते, आज बोलू.

पुढे मी नदीत पोहले, समुद्रात पोहले. कधी भीती वाटली नाही. ते त्याचंच देणं, आणि त्याला ते कधी सांगितलं नाही.

शेवटी शेवटी त्याला अजिबात ऐकू येईना. एकदा माहेरी गेले असताना मी त्याच्यासमोर बसले, त्याचे हात धरले आणि सावकाश म्हणाले, “बाबा, तळ्यावर त्या दिवशी चुकलं माझं.” तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. काचबिंदूने नजर किती गेली होती, हे त्याने कुणालाच कळू दिलं नव्हतं.

“तोंड उजेडात कर गो,” तो म्हणाला, “दिसत न्हाय.”

आम्ही दारात, भर उन्हात बसलो होतो.