लिफ्टमामांची जास्वंद

मामांचा सगळा जन्म वरखाली करण्यात गेला, पण गच्चीवर जायला त्यांना जेवणाच्या सुट्टीचीच वाट बघावी लागे. लिफ्ट जायची आठव्या मजल्यापर्यंत. पुढे गच्चीचा जिना. तो चढायला मामा स्टूल सोडून उठले, की कुठल्या ना कुठल्या मजल्यावर घंटा वाजलीच म्हणून समजा. लिफ्ट जुनी, जाळीचं दार नीट ओढून घेतल्याशिवाय जागची हलायची नाही, आणि ते ओढणं मामांशिवाय कुणाला जमायचं नाही. म्हणून मामांची नोकरी टिकली होती आणि नोकरी होती म्हणून जिन्याखालची खोली.

त्या खोलीत मामी. गुडघे गेल्यापासून त्यांचं बाहेर पडणंच सुटलं होतं. खिडकी होती, पण तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. "त्या भिंतीलाही आता कंटाळा आला असेल माझं तोंड बघून," मामी म्हणायच्या. तक्रार नव्हे, आपलं बोलणं. कोपऱ्यात देवांची फळी होती, दिवा रोज लागायचा. फूल मात्र मामा संध्याकाळी बाजारातून आणत ते, उरलंसुरलं, मान टाकलेलं. एकदा मामी बोलून गेल्या, "देवाला एक फूल आपल्या घरचं वाहावं असं फार वाटतं हो."

मामांनी उभ्या आयुष्यात झाड लावलं नव्हतं. रोपं विकणाऱ्याला जाऊन म्हणाले, "मरणार नाही असं काहीतरी द्या." त्यानं जास्वंद दिली. ती खोलीत ठेवली, तर आठवड्याभरात पानं पिवळी पडली.

"अहो, इथं मी कशीबशी जगते, ते बिचारं कसं जगणार? ऊन दाखवा त्याला," मामी म्हणाल्या.

मग कुंडी गच्चीवर गेली. तिथं जास्वंदीनं जीव धरला, आणि कळ्याही धरल्या. मामांना इतका आनंद झाला, की लिफ्टमध्ये येईल त्याला सांगत सुटले. तिथंच चुकलं.

कपडे वाळत घालायला जाणाऱ्या बायका, अभ्यासाला जाणाऱ्या मुली, सगळे येताजाता झाडाला पाणी घालू लागले. "मामा, तुमच्या झाडाला पाणी घातलं हं!" चौथ्या मजल्यावरच्या ताई सांगायच्या. "बरं झालं, ताई," मामा म्हणायचे. सहाव्या मजल्यावरच्या आजी सांगायच्या. "बरं झालं, आजी." मामांच्या तोंडात हा एकच शब्द बसलेला. सगळ्यांवर कडी म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त साहेब. ते रोज सकाळी घरून पाण्याचा मग भरून घेऊन लिफ्टमध्ये चढायचे, थेंबही न सांडता.

कळ्या फुगायच्या आणि गळून पडायच्या. एकेक करून जमिनीवर. मामांनी एक खाली आणून मामींच्या हातावर ठेवली.

"मातीचा चिखल झालाय का?"

"झालाय थोडा."

"पाणी कोण घालतं?"

"सगळेच."

"मग नको म्हणून सांगा ना!"

"अगं, माणसं प्रेमानं घालतात."

"प्रेमानं बुडवतायत माझ्या फुलाला."

मामा स्टूलवर जाऊन बसले. नको कसं म्हणायचं? खोली ह्या लोकांची, लिफ्ट ह्या लोकांची, बसायचं स्टूलसुद्धा त्यांचंच. तरी धीर करून त्यांनी ताईंना सांगितलं, आजींना सांगितलं. दोघींनी ऐकलं. राहिले साहेब. आणि झाडावर राहिली एकच कळी.

दुसऱ्या दिवशी साहेब आपला मग घेऊन आले. मामांनी दार ओढलं. पहिला मजला गेला, दुसरा गेला. पाचवाही गेला. आठव्यावर दार उघडता उघडता मामा एका दमात म्हणाले, "साहेब, झाडाला पाणी जास्त होतंय."

साहेब थांबले. मगाकडे बघत म्हणाले, "मामा, घरात मला कुणी चहाचा कपसुद्धा विसळू देत नाही. तुम्ही बसा, तुम्ही बसा. एवढं एक काम होतं बघा माझं."

"नाही नाही," मामांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही घाला. तुमच्या हातानं बरं असतं झाडाला."

सुट्टी झाली तशी मामा धावत वर गेले. कळी अजून तग धरून होती. त्यांनी निथळती कुंडी पोटाशी धरली आणि चोरासारखी खाली आणली.

सकाळी फूल उमललं. तांबडंलाल, तळहाताएवढं. मामींनी तोडलं नाही. फळीखाली कुंडी ठेवायला लावली आणि हात जोडले. "असू दे झाडावरच. देवाला तिथूनही पोचतं." बराच वेळ त्या नुसत्या बघत बसल्या.

बाहेर घंटा वाजली. आठवा मजला. मामा वर गेले, तर साहेब उभे, आज जिन्यानंच चढून आलेले, हातातला मग काठोकाठ भरलेला.

"मामा, झाड गेलं की काय?"

"घरी नेलंय, साहेब. फूल आलंय."

साहेबांचा चेहरा असा उजळला, की मामांना मान खाली घालावी लागली. तळमजल्यावर आल्यावर साहेब सरळ खोलीच्या दाराशी गेले. फूल बघून म्हणाले, "वा! आलं की हो आपलं फूल!" आणि हातातला मग पुढे केला.

मामींनी नवऱ्याकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून घंटा झाली. पुन्हा झाली.

"जा," मामी म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."

मामा गेले. लिफ्ट वर निघाली. मागे खोलीत मामी काय बोलल्या, साहेबांनी पाणी घातलं की नाही, काही ऐकू आलं नाही. उद्या कुंडी उन्हाला वर न्यायलाच हवी होती. मामा स्टूलवर बसून हळूच पुटपुटले, "नको, साहेब." जमलं. पुन्हा म्हणून बघितलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या माणसानं आत शिरताच विचारलं, "काय मामा, बरं ना?"

"बरं झालं," मामा म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.