तिसरं विचारणं

ड्वेन हॅल्व्हर्सनने पिकअप विकला तो बायकोपायी. त्या उंच गाडीत मार्लिसला चढता येईना, म्हणून त्याने बुटकी, लहानशी गाडी घेतली. आणि आता तिच्याचसाठी त्याला पिकअप हवा होता.

सोमवारी मार्लिसला स्मृती गेलेल्या माणसांच्या निवासात पोचवायचं होतं. त्याआधी शनिवारी तिला दोघांनी मिळून चालवायच्या जोडसायकलवरून जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटेने शेवटचं फिरवून आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. लग्नापासून दर वर्षी पानं लाल झाली की दोघं तिथे जात. मार्लिस मुलांची नावं विसरली होती, पण मागच्या सीटवर बसवलं की तिचे पाय आपसूक फिरू लागत.

अडचण होती ती गाडीच्या मागे सायकल टांगायच्या रॅकची. ते पिकअपच्या काळातलं, दणकट, जाड दांड्याचं. ते ज्यात खोचायचं ती या गाडीच्या बंपरखालची हिचची चौकोनी नळी मात्र बारीक. ड्वेनने दोन्हींच्या मधे घालायला अडॅप्टरचा लोखंडी तुकडा आणला, बसवला, खीळ ठोकली आणि मग पाकिटावरचं वाचलं: हा लावल्यावर निम्मंच वजन टांगा. शिवाय रॅक वीतभर मागे सरकलं होतं. वर जोडसायकल चढवली तर सगळंच डुलायला लागलं.

शेजारचा क्लेटन टिडवेल कुंपणाशी उभा राहून बघत होता.

"अहो ड्वेन, कशाला झटापट करताय? माझा पिकअप न्या की!"

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला त्यात? किल्ली आणू?"

"नको हो. होईल आमचं, एवढं काही वाईट नाहीये."

"बरं तर. मजा करा!" म्हणून क्लेटन घरात गेला.

ड्वेन पाना हातात धरून तसाच बसून राहिला. त्याच्या मिनेसोटात पहिलं विचारणं रीतीचं, दुसरं मानाचं आणि तिसरं खरं. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून "बरं, तुम्ही म्हणताच आहात तर" म्हणायचं. इतकं साधं गणित! पण क्लेटन पडला टेक्सासचा. त्याच्या मुलखात 'नको' म्हणजे नको. बरं, आपण उठून त्याचं दार वाजवावं, तर तेही ड्वेनला मेल्याहून मेल्यासारखं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. त्याने चार पट्टे जास्तीचे आवळले आणि मनाची समजूत घातली.

शनिवारी मार्लिस हेल्मेट घालूनच गाडीत बसली. वाटेत ती गुणगुणत होती. ड्वेन बैलगाडीच्या चालीने गाडी हाकत होता, आणि मागून हॉर्न वाजले तरी त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

सायकलवाट आता अगदी जवळ आली होती. रेल्वेचं फाटक ओलांडताना गाडी रुळांवर उसळली आणि मागे धाडकन आवाज झाला. ड्वेनने गाडी कडेला घेतली. अडॅप्टर वाकून तुटला होता. रॅक रस्त्यावर घासत आलं होतं आणि सायकलचा सांगाडा मधोमध मोडला होता. त्याने दोन्ही तुकडे उचलून गवतात ठेवले. ते एकमेकांना लावूनही पाहिले, वेड्यासारखं. मग तिथेच बसून तो रडला. साठी उलटल्यावर असं हमसून रडायची सवय नसते, त्याला श्वास घेता येईना.

तोंड पुसून तो गाडीत येऊन बसला. मार्लिसने विचारलं, "पोचलो का?"

खरं सांगायचा त्याला धीर झाला नाही. नाहीतरी तिच्या लक्षात काय राहणार होतं?

"अगं, झालंसुद्धा फिरून! आता घरी चाललोय आपण. काय मस्त पायडल मारलेस तू आज."

मार्लिसने खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्यांवरून हात फिरवला. मग किती तरी महिन्यांनी तिने नवऱ्याकडे ओळखीच्या, स्वच्छ नजरेने पाहिलं.

"खोटं नको बोलूस, ड्वेन," ती म्हणाली. "माझे पाय दुखत नाहीयेत."