काकांची कवळी

पळस्प्याजवळच्या आमच्या घरात थोरल्या काकांचा खून झाला, तेव्हा पोलिसांना सगळ्यात जास्त छळलं ते काकांच्या कवळीनं. काका झोपतानाही कवळी काढत नसत, आणि प्रेताच्या तोंडात ती नव्हती. तपासाला आलेल्या साहेबांनी घर, गोठा, अगदी लोणच्याची बरणीसुद्धा उपसली. मला तर त्यांनी आ करून दाखवायला लावलं! माझ्या तोंडात माझेच दात आहेत हे पटवण्यात माझी सकाळ गेली.

दहाव्याला आम्ही गाढी नदीवर जमलो. साहेबही साध्या कपड्यांत आले. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. काकांची कसली तरी इच्छा राहिली असणार, म्हणून एकेक जण पुढे येऊन शब्द द्यायला लागला. एकानं जमीन विकणार नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं दारू सोडली. कावळा भिंतीवर बसून नुसता ऐकत होता. ऊन चढलं, भुकेनं सगळ्यांचा जीव कासावीस झाला.

शेवटी माझा चुलतभाऊ, काकांचा लाडका पुतण्या, घामाघूम होऊन पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, तुमची कवळी मी विहिरीतून काढून देतो, पन आता शिवा!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. कावळा मात्र टुणकन उतरला आणि पिंडाला शिवला.

साहेबांनी पुतण्याचा दंड धरला. संध्याकाळी विहिरीतून कवळी निघाली, तिच्यासोबत कोयताही.

पण तिथं नदीवर काकीनं डोळे पुसून हात जोडले ते कावळ्याला. साहेबांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.