अडीच तासांवरची मुलगी

फोन आला तेव्हा मी कोलकात्याच्या विमानतळावर नागपूरच्या विमानाची वाट पाहत होते. दुपारचे साडेतीन झाले होते. आमच्या गावाहून, आलापल्लीहून, शेजारच्या शकुनबाई बोलत होत्या. "पोरी, भाऊ गेले…" एवढंच त्या म्हणाल्या. भाऊ म्हणजे माझे बाबा. विमानाला उशीर असल्याची घोषणा चालू होती, आणि मी फोन कानाला तसाच धरून बसले होते.

बाबा वनरक्षक होते. उभी हयात त्यांनी सागाच्या जंगलात पायी गस्त घातली. अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नसत. नाल्यापर्यंत दोन तास, टेकडीपर्यंत चार, असं त्यांचं मोजमाप. सहा वर्षांपूर्वी मला आसामात, दिब्रुगडच्या एका शाळेत नोकरी लागली तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं, "किती तास लागते?" आई नव्हती, मी एकुलती एक. ते नाही म्हणाले असते तर मी गेले नसते, आणि मला जायचं होतं. मी मोबाइलवर शोधलं. नागपूर ते दिब्रुगड, सरळ रेषेत साडेसतराशे किलोमीटरच्या आसपास, विमानाला सुमारे अडीच तास. "अडीच तास, बाबा." "इथून नागपूरले जाले सहा तास लागते. मंग तर तू नागपूरपेक्षाई जवळ रायशील. जा."

त्या दोन विमानतळांमध्ये सरळ विमानच नाही, हे तिकीट काढताना कळलं. कोलकात्यात थांबा, कधी मुक्काम, मग नागपूर, मग चंद्रपूरवरून एसटी… दोन दिवस जात. मी ते त्यांना कधीच सांगितलं नाही. सुटीत दमून घरी यायची आणि म्हणायची, "आज सकाळीच निघाले." चौकात ते भेटेल त्याला सांगत, "माही पोरगी अडीच तासावर हाय."

या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. जवळच्या माणसांना बोलावून घ्या, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला हे नंतर कळलं. शकुनबाई रोज फोन हातात घ्यायच्या आणि बाबा अडवायचे. "काऊन घाई करून राह्यली? तिच्या शाळेत परीक्षा सुरू हाये. अडीच तासाचं तर काम हाय. लागलं तं बलावू." असे अठरा दिवस गेले. त्यातल्या कुठल्याही दिवशी निघाले असते तर मी पोचले असते. शेवटच्या सकाळी बाबा स्वतःच म्हणाले, "शकुन, आता लाव फोन. जेवाच्या आत येते पोरगी."

फोन येताच मी निघाले, तरी पोचले ती दुसऱ्या दिवशी दुपारी. उन्हामुळे त्यांना ठेवता आलं नव्हतं. सकाळीच सगळं आटोपलं होतं. शकुनबाई दारातच उभ्या होत्या. "जेवाची वेळ टळली तरी रस्त्याकडंच पाहत होते. मी म्हणत होती, येऊन राह्यली, येऊन राह्यली… तुले एवढा वेळ काऊन लागला, बाई?" तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

पायरीशी पाण्याची भरलेली बादली होती. प्रवासातून आल्यावर पाय धुवाले पाणी ठेव, म्हणून बाबांनी आदल्या सकाळी ती शकुनबाईंकडून भरून घेतली होती. एवढ्या माणसांच्या येण्याजाण्यातही कुणी ती हलवली नव्हती. पाण्यावर धुळीची साय धरली होती, उन्हानं ते कढत झालं होतं. मी पायरीवर बसले आणि त्याच पाण्यानं पाय धुतले. महिना झाला… बादली तिथंच आहे. मला ती उचलवत नाही.